जीन्सचा दोरा

मास्टरांच्या तोंडात आता चारच शब्द उरलेत. थांब, नको, दे आणि मी पन. बाकीचे सगळे शब्द दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी उल्हासनगरच्या कारखान्यात, कटिंगच्या टेबलापाशी राहिले. उजवा हात आणि उजवा पायही तिथंच राहिल्यात जमा आहे. घरी आला तो नुसता अंगाला लागून आला.

मास्टर म्हणजे माझा नवरा, मधुकर. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये तीस वर्षं जीन्सचं कटिंग केलं, म्हणून सगळे त्यांना मास्टर म्हणतात, आणि लग्नानंतर मीही म्हणायला लागले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि 'अहो' म्हणायला मला उगीच लाज वाटायची. मग हे बरं पडलं. माझं नाव यशोधरा. ते काही मला नावानं हाक मारत नसत. पूर्वी 'अगं' तरी म्हणायचे, आता तेही गेलं.

चार शब्दांत संसार चालतो का, असं कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण चालतो. 'दे' म्हणजे पाणी, चष्मा, चादर, रिमोट, यातलं काहीही; कोणतं ते मी ओळखायचं. नाही ओळखलं तर 'नको'. मी गॅसवर चहाचं भांडं ठेवलं की आतून आवाज येतो, 'मी पन.' आणि मी कुठंही जायला उठले की 'थांब'. भाजी आणायला निघाले, थांब. कपडे वाळत घालायला निघाले, थांब. आमच्या चिखलोलीत स्टेशन होणार होणार म्हणून लोक कधीचे थांबलेत, पण माझ्याएवढं कुणी थांबलं नसेल.

दमले आहे मी, आणि हे सांगायची मला आता लाज वाटत नाही. सत्तर किलोच्या माणसाला दिवसातून सहा वेळा कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, घास गिळला की नाही ते बघत बसायचं. भेटायला येणारे म्हणतात, "वहिनी, सेवा करताय, पुण्य लागेल." पुण्याचं मला माहीत नाही, कंबर मात्र गेली. मुलगी जिज्ञासा नाशिकला असते, तिला लहान मूल आहे. रोज व्हिडिओ कॉल करते, बाबांना हात हलवून दाखवते आणि मग माझ्याशी बोलताना रडते. तिला गप्प करण्याचं कामही मलाच करावं लागतं.

या सगळ्यात ते झाड.

झाड वडाचं आहे. दीड वीत उंच, अंगठ्याहून जरासं जाड. कारखान्याच्या मागच्या भिंतीत, पावसाळी पाइपाच्या बाजूला ते उगवलं होतं. कारखान्याचा सिंधी सेठ म्हणाला, "साईं, ये दीवार फाड देगा. इसपे तेजाब डालो." पण वडावर तेजाब टाकायला कुणी तयार होईना. शेवटी मास्टर स्टुलावर चढले, स्क्रूड्रायव्हरनं विटांमधलं सिमेंट उकरलं आणि रोप मुळासकट काढून बटणांच्या रिकाम्या डब्यातून घरी आणलं. माझी सासू कौसाबाई बदलापूर गावात धाकट्या मुलाकडे, सुजितकडे राहते. ती तेव्हा आमच्याकडे आली होती. डबा बघून म्हणाली, "वड-पिंपल घरात नसतो ठेवायचा. देवलाजवल लाव जा त्याला." मास्टर हो हो म्हणाले आणि गॅलरीत ठेवून मोकळे झाले.

मग त्यांना नादच लागला. मोबाइलवर बोनसायचे व्हिडिओ बघायचे, रविवारी विटा फोडून त्याचा चुरा चाळत बसायचे. पसरट कुंडी आणली, उन्हाळा संपता संपता मुळं छाटली, मोठी पानं खुडली म्हणजे पुढची लहान येतात म्हणून सगळं झाड एकदा बोडकं करून ठेवलं. मी म्हटलं, सहा दिवस जीन्स कापून हौस भागत नाही वाटतं. तर म्हणाले, "अगं, हे कापलेलं परत फुटतं. जीन्स कुठं फुटते?" फांद्यांना अॅल्युमिनियमची तार गुंडाळून ते वळण द्यायचे. आणि तार वेळच्या वेळी काढायची, हे त्यांनी मला दहा वेळा ऐकवलं असेल. पावसाळ्यात वड भराभर फुगतो, तीन आठवड्यांत तार सालीत रुतते, आणि एकदा रुतली की झाडाचा गळा आवळला गेला म्हणून समज. मला त्यात काडीचा रस नव्हता. तरी ऐकलेलं डोक्यात राहतं, त्याला काय करणार.

लकव्याच्या अटॅकनंतर पहिले पाच महिने मास्टर भिंतीकडं तोंड करून पडून होते. डावा हात चांगला होता, पण तोही उचलायचे नाहीत. शलाका म्हणून बदलापूरची मुलगी आहे, फिजिओची. आठवड्यातून तीनदा स्कूटीवरून येते. ती त्यांच्या डाव्या हातात रबरी बॉल द्यायची, हे तो सोडून द्यायचे. बॉल पलंगाखाली जायचा आणि मी वाकून काढायची. व्यायाम झाला तो माझा.

एक दिवस गॅलरीत ऊन फार म्हणून मी कुंडी आणून पलंगाशेजारी टेबलावर ठेवली होती. झाडाचं एक पान पिवळं पडलं होतं. शलाका त्यांचा पाय वाकवत होती. मास्टरांनी मान वळवली, झाडाकडं बघितलं, डावा हात उचलला आणि ते पिवळं पान खुडलं. शलाकानं पाय तसाच धरून ठेवला.

"काकू, बघितलंत? दोन महिने मी बॉल बॉल करतेय."

त्या दिवसापासून झाड पलंगापाशी आलं. जाताना शलाका दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "एक लक्षात ठेवा काकू. हे झाड आहे तोवर काका हात उचलतील. माझ्या एक्सरसाइजला ते भीक घालत नाहीत. झाड सांभाळा, बास."

म्हणजे आता दोघांना सांभाळायचं. मी हसले, पण मला तेव्हा रडावंसं वाटलं होतं.

रोज चार वाजता मास्टरांना उशांना टेकवून बसवायचं, मांडीवर प्लायवूडचा तुकडा ठेवायचा आणि त्यावर कुंडी. ते डाव्या हाताचं बोट दाखवणार, फांद्या छाटायचा कटर मी चालवणार. त्यांचा उजवा हात मी. बोट कुठं दाखवतायत ते कळायचं नाही. कटर लावला की "थांब". जरा खाली सरकवला की "नको". एकदा मला वाटलं तीच फांदी, आणि मी कापून टाकली. मास्टर दोन दिवस माझ्या हातून जेवले नाहीत. मीही बोलले, की मला काय शिंप्याच्या घरचं ट्रेनिंग दिलंय का, एवढंच होतं तर स्वतः कापा. बोलल्यावर वाईट वाटलं.

मग मला त्यांची रीत आठवली. जिज्ञासा लहान असताना मी डबा द्यायला कारखान्यात जायची, तेव्हा बघितली होती. टेबलावर कापडाचे चाळीस-चाळीस थर लावलेले असायचे. मशीन हातात घेण्याआधी मास्टर त्या थरावरून तळवा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. आत कुठं घडी राहिली असेल तर हाताला कळते, म्हणायचे. हात फिरवून बाजूला घेतला की कापायचं. हात टेबलावर असेपर्यंत कुणी मशीन चालू करायचं नाही. मी म्हटलं, "मास्टर, बोट नका दाखवू. कापडासारखा हात फिरवा. हात काढलात की मी कापीन." त्यांनी माझ्याकडं बघितलं. फांदीच्या बुडापासून हात फिरवला, एका जागी थांबवला आणि बाजूला घेतला. मी तिथं कापलं. पांढरा चीक आला, तो त्यांनी आपल्या सदऱ्याच्या टोकानं पुसला.

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम.

यंदाच्या वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी किर्ती आली. आमच्या खालच्या मजल्यावर राहते, लग्नाला जेमतेम वर्ष झालंय, सोसायटीच्या बायकांचा ग्रुप तीच चालवते. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पाम आहेत, बंद पडलेलं कारंजं आहे, वड नाही. रस्त्यापलीकडं एक मोठा होता, तो गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना गेला.

"काकू, बाजारातून फांदी आणून पूजा करायची म्हणजे कसंतरीच वाटतं ना. झाड तोडूनच झाडाची पूजा. तुमच्याकडे तर पूर्ण वड आहे. एक तासासाठी द्या ना, प्लीज. खाली लॉबीत ठेवू, मी स्वतः सांभाळून परत आणेन."

मला नाही म्हणायचं होतं. पण दोन वर्षांत आमच्या दारात जो आला तो 'कसे आहेत' विचारायला आला. काहीतरी मागायला आलेली ही पहिलीच. आपल्याकडं कुणाला हवंसं वाटावं असं काहीतरी आहे, हे मी विसरूनच गेले होते. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लॉबीत प्लास्टिकच्या स्टुलावर आमची कुंडी, आणि भोवती नटूनथटून नऊ बायका. एका बाजूला पत्रपेट्या, दुसऱ्या बाजूला लिफ्ट, फेरा मारायला जागा नाही. नऊवारीचा ओचा सांभाळत एकेकीनं तिरकं होऊन स्टुलाला वळसा घालायचा. लिफ्ट उघडली की आतला माणूस बायका बघून पुन्हा वर जायचा. मला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

पहिली किर्ती. तिसऱ्या फेऱ्याला तिचा दोरा तुटला.

पूजेचा दोरा म्हणजे कच्चं सूत, तुटायचंच. पण लग्नाला एक वर्ष झालेल्या मुलीच्या हातात वटपौर्णिमेला तुटलेला दोरा. किर्तीचा चेहरा पांढरा पडला. पहिल्या मजल्यावरच्या रंजनाताई म्हणाल्या, "असू दे गं, दुसरा घे." दुसराही तसलाच, गाठ मारतानाच तुटला.

मी म्हटलं, थांबा. वर गेले आणि मास्टरांच्या पेटीतला जीन्सचा दोरा आणला. जीन्सच्या शिलाईवर दिसतो तो, जाडा, सोनेरी. दोऱ्याचा कोन, म्हणजे मोठं रीळ, अर्धा भरलेला होता. तो दोरा दातानं तुटत नाही, हातानं ओढला तर बोट कापतं. किर्तीनं ओढून बघितला आणि तिच्या जिवात जीव आला.

"काकूंचा दोरा म्हणजे फुल गॅरंटी," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. ज्या घरात तीस वर्षं जीन्सवर भाकरी निघाली, त्या घरातल्या बाईलाच हे सुचणार. मला तेव्हा स्वतःचं कौतुकच वाटलं.

नऊ जणींनी सात-सात फेरे घातले. सगळ्यांत शेवटी मी. तोवर पाऊण तास झाला होता, वर मास्टर एकटे होते, त्यांना कुशीवर वळवायची वेळ टळून गेली होती. कंबर ठणकत होती. स्टुलाभोवती वाकून फेरे घालताना बायका मनात काय म्हणतात ते ठरलेलं असतं. जन्मोजन्मी हाच नवरा मिळू दे. मी एकोणतीस वर्षं तेच म्हणत आले, काही विचार न करता, पाठ केलेलं म्हणतात तसं. यंदा सातव्या फेऱ्याला माझ्या मनात आलं, पुरे. आता सोडव. त्यांना सोडव, नाहीतर मला सोडव.

मी ठरवून नाही म्हटलं. आपोआप निघालं. निघाल्यावर परत घेता येईना. मी दोऱ्याची गाठ मारली आणि हळदीकुंकू वाहिलं.

संध्याकाळी कुंडी वर आणली. मास्टरांनी बुंध्याभोवती तो दोरा बघितला आणि म्हणाले, "नको." डाव्या हातानं दोऱ्याकडं दाखवलं. "नको, नको." मी म्हटलं, "उद्या काढते हो. आज माझ्यात जीव नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ताप भरला. छाती घरघरत होती, ओठ निळे पडले. अॅम्ब्युलन्स, हॉस्पिटल, छातीत कफ भरलाय, न्यूमोनिया आहे. एकोणीस दिवस तिथं होतो, त्यातले नऊ त्यांनी नळ्या लावून काढले. मी बाहेरच्या बाकावर बसून एकच गोष्ट घोकत होते. मी सोडव म्हटलं होतं. मी म्हटलं होतं.

ते वाचले. घरी आणलं तेव्हा कौसाबाई आमच्याकडे येऊन राहिली होती. तिनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि तिनं गॅलरीत काढून ठेवलेल्या झाडाकडं बोट दाखवून मला म्हणाली, "तुज्या दोऱ्यानं राखला माज्या पोराला. त्या दोऱ्याला हात नको लावू. कापलास ना, तर माजी शपथ हाय तुला."

मी बारावी शिकलेली बाई. छातीतला कफ दोऱ्यानं होत नाही आणि दोऱ्यानं जात नाही, हे मला कळतं. सासूची शपथ मी यापूर्वी बऱ्याचदा मोडलेली आहे. पण हा दोरा मला कापवेना. तीन वेळा कटर हातात घेतला आणि तीन वेळा ठेवला. मी सोडव म्हटलं आणि ते पडले. आता त्यांना जे काही धरून ठेवतंय, ते मी माझ्या हातानं कापू?

मास्टर पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडले. मी झाड गॅलरीतच ठेवलं, त्यांना दिसायला नको म्हणून. शलाका यायला लागली. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, झाड कुठाय. मी म्हटलं, कीड पडलीय, औषध मारलंय, आत नको. खोटं बोलायला मला फारसं जड गेलं नाही, इतकी मी दमले होते.

आषाढ सरला. पाऊस असा की गॅलरीतले कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते. वड फुगत होता. दोरा आधी सालीवर दिसायचा, मग सालीबरोबर आला, मग सालीत गेला. वरून साल ओठासारखी बाहेर आली आणि त्या ओठाच्या वर लालसर टोकं फुटली, पाच-सहा. कौसाबाई खूश झाली. "बघ, पारंब्या फुटल्या. एवढ्याशा झाडाला पारंब्या. शुभ हाय." ती त्यांना कुंकू लावायची.

मला मास्टरांनी सांगितलेलं आठवत होतं. वडाचा गळा आवळला की तो आवळल्या जागेच्या वर मुळं सोडतो. खालच्या मुळांचा भरवसा उरलेला नसतो म्हणून. खालची पानं एकेक करून गळायला लागली होती. मी ती कौसाबाईला दिसायच्या आत उचलून टाकायचे.

श्रावणातल्या एका बुधवारी शलाका व्यायाम संपवून माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आली.

"काकू, स्पष्ट बोलू? काकांचा लेफ्ट शोल्डर जाम व्हायला लागलाय. हात ते वापरतच नाहीयेत. अजून पंधरा दिवस असंच राहिलं ना, तर चांगला हातही जाईल. मग मी येऊन काही उपयोग नाही. ते झाड मेलं का?"

"नाही."

"मग द्या ना त्यांना. कीड असू दे, काहीही असू दे."

दुसऱ्याच दिवशी कौसाबाई सुजितकडे गेली, दोन दिवसांसाठी. दुपारी चार वाजता मी मास्टरांना वळवलं, उशांना टेकवून बसवलं आणि मांडीवर प्लायवूड ठेवलं. प्लायवूड बघून त्यांनी मान उचलली. मी गॅलरीतून कुंडी आणून त्यावर ठेवली आणि बाजूला उभी राहिले, पोर पुस्तक फाडून उभं राहतं तशी.

मास्टर बघत राहिले. मग डावा हात हळूहळू उचलला. खांदा दुखला असणार, तोंड वाकडं झालं, पण उचलला. फुगलेल्या सालीवरून बोट फिरवलं. फटीत दोरा दिसत होता, त्याच्यावर नख लावलं. त्यांनी तो दोरा लगेच ओळखला. ओळखणारच, आयुष्य गेलं त्यात. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हात पुढं केला.

"दे."

मी कटर दिला नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, "दे." डाव्या हातानं त्यांना कटर धरवतही नाही, तरी हात पुढंच.

"थांबा," मी म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना मी थांबा म्हणाले. "आधी ऐका. मग काय ते करा."

मी पलंगाच्या कडेवर बसले. त्यांच्याकडं बघून बोलणं मला जमलं नसतं, म्हणून झाडाकडं बघून बोलले.

"हा दोरा मी आणला. तुमच्या पेटीतला. तुम्ही नको म्हणालात, तरी त्या दिवशी मी काढला नाही, कारण मी दमले होते. आणि नंतर काढला नाही, कारण मी घाबरले. तुमची आई म्हणते या दोऱ्यानं तुम्हाला राखलं. तिला माहीत नाही मी फेरे घालताना काय म्हटलं. मी पुरे म्हटलं, मास्टर. सोडव म्हटलं. तुम्हाला, नाहीतर मला. दुसऱ्या दिवशी तुम्ही पडलात. मी रोज हे झाड बघते आणि मला वाटतं, मी हे कापलं तर ते खरंच होईल."

बोलून झालं. मला रडू आलं नाही. मी वाट बघत होते की ते नको म्हणतील. भिंतीकडं वळतील. माझ्या हातून पुन्हा जेवणार नाहीत, आणि या वेळी दोन दिवसांत संपणार नाही.

मास्टरांचे ओठ हलत होते. शब्द शोधताना ते असेच करतात, पूर्वी कापडाच्या गठ्ठ्यात हवा तो तागा शोधायचे तसं. मग त्यांनी पुढं केलेला हात माझ्या मनगटावर ठेवला.

"मी पन," ते म्हणाले.

गॅसवर काही नव्हतं. चहाचं भांडं धुऊन पालथं घातलेलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. डोळ्यांतलं पाणी त्यांना पुसता येत नव्हतं, कारण चांगला हात माझ्या मनगटावर होता.

"मी पन," त्यांनी परत सांगितलं, मला नीट कळावं म्हणून.

मला कळलं. ते पाच महिने भिंतीकडं तोंड करून ते काय मागत होते, आणि आताचे हे सहा आठवडे काय मागत होते, ते कळलं. एका घरात, एका पलंगाच्या दोन बाजूंना, आम्ही दोघं एकच मागणं मागत होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो. मी पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग माझे. खाली लिफ्टचं दार कुणीतरी उघडं ठेवलं होतं, ती ओरडत होती.

झाड जगेल का, मला सांगता येणार नाही. दोरा बराच आत गेला आहे, आणि रुतलेल्या जागी वळ कायमचा राहतो, हे मास्टरांनीच मला सांगितलेलं आहे. कौसाबाई येऊन काय बोलायचं ते बोलेल. मी कटर उचलला.

मास्टरांनी माझं मनगट सोडलं. डावा हात बुंध्याच्या बुडाशी नेला, तळवा टेकवला आणि खालून वर, त्या रुतलेल्या दोऱ्यांवरून, फुगलेल्या सालीवरून, लाल टोकांवरून सावकाश फिरवला. मग हात बाजूला घेतला.

सगळ्यांत वरचे सात फेरे माझे होते. मी आधी तेच कापले.